बांबूची जमीन घालताना आधी ओल बघा, मग रंग

बांबूचं फ्लोअरिंग घालायचं ठरवून माझ्याकडे येणारी मंडळी बहुतेक वेळा मोबाइलवरचे फोटो दाखवत येतात. मधाळ रंगाची, लांब पट्ट्यांची जमीन, खिडकीतून तिच्यावर ऊन पडलेलं. गडद घ्यावी की फिकी, हा त्यांचा पहिला प्रश्न. माझे पहिले दोन प्रश्न मात्र ठरलेले आहेत: घर कितव्या मजल्यावर आहे, आणि पावसाळ्यात भिंतींना खालून पोपडे येतात का?

पुण्यात आणि कोकणात मी घरांच्या आतल्या कामांचे ठेके घेते. फरशी, लाकूड, लॅमिनेट, कोबा, सगळं करते. त्यात बांबूची जमीन मला मनापासून आवडते. अनवाणी चालताना थंडीत ती पायाला गार लागत नाही, दिसायला शांत असते, आणि तिच्यासाठी कुठलं झाड मुळासकट जात नाही. म्हणूनच ती नको त्या घरात घातलेली बघवत नाही. बांबू पर्यावरणाला चांगला हे खरं आहे, पण फुगला, उचलला म्हणून चार-पाच वर्षांत उखडून कचऱ्याच्या गाडीत टाकलेल्या बांबूने कुणाचंच भलं होत नाही. कारखान्यातली वीज, डिंक, वाहतूक, सगळं त्याच्याबरोबर वाया जातं. तो वीस-पंचवीस वर्षं पायाखाली राहिला तरच त्याचं हिरवेपण खरं. आणि तो किती वर्षं राहणार, हे नव्वद टक्के ओलीवर ठरतं.

बांबू पाण्याशी कसा वागतो

बांबू म्हणजे गवत. पावसाळ्यात वर आलेला कोंब दोन-चार महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. पुढे तो उंच होत नाही की जाड होत नाही, फक्त आतून पक्का होत जातो. फ्लोअरिंगच्या कामाला तो तीन ते पाच वर्षांत तयार होतो. तोडला तरी बेट जिवंत राहतं, खालचा कंद पुढच्या पावसात पुन्हा कोंब देतो. सागवानाला याच कामासाठी काही दशकं थांबावं लागतं. बांबूचा मोठेपणा या एका गोष्टीत आहे.

पण गवत असो की लाकूड, हवेतली ओल दोन्ही पितात. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, आणि जुलैत त्याच घरात मीठ सादळतं, कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते. बांबूची पट्टी हे दोन्ही सोसते. लांबीत ती फारशी हलत नाही, रुंदीत हलते. एका पट्टीचं फुगणं डोळ्यांना दिसणारही नाही, पण दहा फुटांच्या खोलीत पाच इंची चोवीस पट्ट्या एकीला एक लागून बसतात आणि सगळ्यांचं फुगणं एकत्र होऊन भिंतीपर्यंत पोचतं. तिथे जागा नसेल तर जमीन मधूनच वर उचलते.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. पट्टीचा खालचा भाग ओला आणि वरचा कोरडा राहिला की खालची बाजू पसरते आणि पट्टीच्या दोन्ही कडा वर येतात. सकाळच्या तिरप्या उन्हात खोलीच्या एका टोकाला बसून पाहिलं तर जमिनीवर बारीक सरी दिसतात. अशा वेळी लोक वरून पुसणं कमी करतात, पंखे लावतात, पण ओल खालून येत असते. म्हणून कडा वर आल्या असतील तर खालची ओल शोधा. पट्टीचा मधला भाग वर आला असेल तर वरून पाणी जास्त पडतंय.

आसाममध्ये मिसिंग लोकांची चांगघरं असतात. जमिनीपासून उंच खांबांवर बांधलेली, आणि पायाखालची जमीन फोडलेल्या बांबूची. ब्रह्मपुत्रेच्या पुराच्या प्रदेशात बांबूची जमीन चालते, कारण तिच्या खालून वारा वाहतो. आपल्याकडेही जुन्या घरांच्या माळ्याला बांबू असायचा, तोही दोन्ही बाजूंनी मोकळा. आज आपण तोच बांबू सिमेंटवर अंथरतो, वरून पॉलिश चढवतो आणि त्याची खालची बाजू बंद करतो. हा फरक लक्षात ठेवला की पुढची सगळी पथ्यं आपोआप समजतात.

कुठे घालू नये

बाथरूम, मोरी, उघडी बाल्कनी, ओट्यासमोरची जागा इथे नको. घरमालक कितीही आग्रह करोत, मी घालत नाही. तळमजल्यावर जमिनीलगतचं जुनं घर असेल, जोत्याखाली ओल रोखणारा थर नसेल, तर तिथेही नको. अशा घरात शहाबादी फरशी किंवा चांगला घोटलेला कोबा शंभर पटीने बरा. तोही आपल्या मातीतला पर्याय आहे आणि त्याला ओलीचं भय नाही.

कोकणातलं सुट्टीचं घर हा वेगळा विषय. जून ते सप्टेंबर दारं-खिडक्या बंद, पंखा नाही, माणूस नाही. अशा घरात बांबूला श्वास घ्यायला जागाच नसते. वर्षभर कुणी राहणार असेल, निदान आठवड्याला कुणी येऊन घर उघडणार असेल, तरच विचार करा.

वाळवीचं काय, असं लोक विचारतात. बांबू वाळवीला चालतो, यात शंका नाही. कारखान्यात पट्ट्या उकळून त्यातला पिठूळ अंश काढतात, बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया करतात. त्याने पोखरणाऱ्या भुंग्यांपासून चांगलं संरक्षण मिळतं. पण ज्या घरात चौकटीला किंवा स्कर्टिंगच्या मागे वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात, तिथे आधी वाळवीचा पूर्ण बंदोबस्त, मग फ्लोअरिंग.

फ्लॅटमध्ये पहिल्या मजल्यापासून वर, हॉल, बेडरूम, अभ्यासाची खोली इथे बांबू सुखाने नांदतो.

ओल कशी तपासायची

याला पैसे लागत नाहीत, तरी जवळजवळ कुणी करत नाही. जाड पारदर्शक प्लास्टिकचे दीड फूट लांब-रुंद तीन तुकडे घ्या. एक खोलीच्या मध्यावर, एक बाहेरच्या भिंतीजवळ, एक बाथरूमच्या भिंतीला लागून ठेवा. चारही कडा रुंद चिकटपट्टीने जमिनीला अशा चिकटवा की कुठूनही हवा आत जाणार नाही. खाली व्हिट्रिफाइड टाइल असेल तर प्लास्टिक एकाच टाइलच्या मधोमध लावून उपयोग नाही. टाइल ओल रोखते, ओल सांध्यांतून वर येते. म्हणून चार टाइल जिथे मिळतात त्या चौकावर लावा.

कमीत कमी १६ तास, शक्यतो पूर्ण दिवस-रात्र तसंच राहू द्या. मग उचलण्याआधी वाकून नीट बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब असतील, किंवा उचलल्यावर खालचा कोबा आजूबाजूपेक्षा काळसर दिसला, तर ओल जमिनीतून येते आहे. थेंब वरच्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या हवेची ओल. तिचा इलाज वेगळा आणि सोपा.

तळमजल्यावर ही चाचणी मे महिन्यात करून निर्धास्त होऊ नका. ऑगस्टमध्ये करा. नवीन बांधकाम असेल तर काँक्रीटला २८ दिवस झाले म्हणजे ते सुकलं, असं नसतं. २८ दिवसांत त्याची ताकद येते. त्यातलं पाणी निघायला जाडीच्या दर इंचाला सुमारे एक महिना धरायचा, आणि पावसाळ्याचे महिने त्यात मोजायचे नाहीत.

बाथरूमच्या भिंतीजवळच्या तुकड्यावरच थेंब आले तर बहुतेक वेळा आतलं वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं. आधी ते करून घ्या. चिपळूणकडच्या एका घरात तळमजल्याच्या तिन्ही तुकड्यांखाली पाणी जमलं होतं. घरमालकीणबाईंनी बांबू वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत घातला आणि खाली कोबा घोटून घेतला. दोन्ही जमिनी आज छान आहेत.

दुकानात काय बघायचं

बाजारात मुख्य तीन प्रकार मिळतात. आडवी पट्टी: बांबूच्या सपाट कामट्या आडव्या चिकटवलेल्या, वरून पेरं स्पष्ट दिसतात. उभी पट्टी: कामट्या उभ्या करून चिकटवलेल्या, बारीक सरळ रेघा दिसतात, पेरं पुसट. तिसरा स्ट्रँड वोव्हन: बांबूचे धागे सुटे करून, डिंकात भिजवून, प्रचंड दाबाखाली ठोकळा करतात आणि त्याच्या पट्ट्या कापतात. हा दिसायला लाकडाच्या जवळचा आणि उचलायला बराच जड.

कठीणपणा मोजायला जांका कसोटी वापरतात. पोलादाची ठरावीक मापाची गोळी अर्धी आत रुतवायला किती जोर लागतो, ते त्यात बघतात. सागवानाचा आकडा हजार-अकराशे पौंडांच्या आसपास, साध्या बांबू पट्टीचा १३०० ते १४००, आणि चांगल्या स्ट्रँड वोव्हनचा ३००० पर्यंत जातो. घरात मुलं, कुत्रा, सारख्या सरकणाऱ्या खुर्च्या असतील तर स्ट्रँड वोव्हनच घ्या. आजी-आजोबांच्या निवांत बेडरूमला उभी पट्टी पुरते, आणि मला तीच जास्त देखणी वाटते.

रंगाबद्दल एक गोष्ट. बांबूचा मूळ रंग फिका पिवळसर. कॉफीसारखा तपकिरी रंग बहुतेक वेळा बांबू वाफेवर तापवून आणलेला असतो. त्यात आतली साखर करपते आणि रंग पट्टीच्या आरपार जातो. पण या प्रक्रियेत बांबू थोडा मऊ पडतो. काही ठिकाणी फक्त वरून रंग दिलेला असतो, त्यावर ओरखडा गेला की आतला पिवळेपणा उघडा पडतो. दुकानात पट्टीचं कापलेलं टोक बघा, लगेच कळतं. त्याच टोकाकडे अजून दोन मिनिटं थांबा. कामट्यांच्या मध्ये डिंक न पोचलेल्या काळ्या फटी आहेत का? नख घातलं की तूस निघते का? नमुन्याच्या तुकड्याचं उघडं टोक वाटीभर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. थोडा फुगेल, ते चालतं. थर सुटे झाले तर तो माल घेऊ नका. चांगला दुकानदार नमुना आनंदाने देतो.

डिंकाचा प्रश्न जरूर विचारा. स्वस्त मालात युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो आणि त्याची वाफ महिनोन् महिने घरात सुटत राहते, डोळे चुरचुरतात. ही वाफ किती कमी सुटते याचा दर्जा कागदावर असतो, तो निदान ई-१ लिहिलेला हवा, ई-० असेल तर उत्तम. कार्ब फेज २ हे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचं मानक, तेही कडक आहे. विक्रेता म्हणाला, ‘मॅडम, काही प्रॉब्लेम नाही, सगळे हाच घेतात,’ तर प्रमाणपत्राची प्रत मागा. खोकं उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आला तर माल परत पाठवायला संकोच करू नका. लहान मूल रांगणार असतं त्याच जमिनीवर.

आणि बांबू कुठला, हेही विचारा. जगातलं बहुतेक बांबू फ्लोअरिंग चीनमधल्या मोसो जातीचं असतं. जाड, रुंद पोकळीचा बांबू, त्याच्या सपाट कामट्या सहज निघतात. आपल्या सिंधुदुर्गातला माणगा जवळजवळ भरीव आणि बिनकाट्याचा. फर्निचरला आणि बांधकामाला नंबर एक, पण घेर लहान असल्याने त्यातून रुंद कामटी निघत नाही. कुडाळच्या कोनबॅक या संस्थेने माणग्याची जी कामं उभी केली आहेत ती बघितली की या बांबूचं बळ कळतं. म्हणून कोकणातला कुणी म्हणाला, ‘आमच्या बेटातले चिवे कापून जमीन करून द्या,’ तर मी त्याला माणग्याच्या खुर्च्या, जिन्याचा कठडा, पडदी करून घ्यायला सांगते.

फ्लोअरिंग भारतातही तयार होतं, त्यात त्रिपुरा पुढे आहे. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनात आगरतळ्याहून आलेलं बांबूचं फ्लोअरिंग वापरलं आहे. मला तो माल मागवायला आवडतो. वाट जरा जास्त बघावी लागते, पण पैसा आपल्या शेतकऱ्याकडे आणि कारागिराकडे जातो. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला, त्यामुळे शेतातला बांबू तोडायला आणि वाहून न्यायला शेतकऱ्याला पूर्वीसारखी अडचण राहिली नाही. त्याआधी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क झगडून मिळवला, २०११ मध्ये वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. बांबू विकत घेताना हे सगळं माझ्या मनात असतं. जंगल जबाबदारीने राखून माल काढल्याचं एफएससीचं प्रमाणपत्र असेल तर आणखी चांगलं.

माल घरी आल्यावर घाई नको

खोकी आली की सुतार लगेच बसवायला बसतो, कारण त्याला पुढच्या साइटवर जायचं असतं. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. खोकी ज्या खोलीत पट्ट्या बसणार त्याच खोलीत, लाकडी पट्ट्यांवर आडवी ठेवा, भिंतीला टेकवून उभी करू नका. टोकं उघडा, आतलं प्लास्टिक कापा. साध्या पट्टीला कमीत कमी ७२ तास, स्ट्रँड वोव्हनला दोन आठवडे किंवा जास्त. तो इतका घट्ट असतो की ओल आत-बाहेर व्हायला वेळ लागतो. ओल मोजणारा मॉइश्चर मीटर असेल तर त्याच त्या पट्टीचा आकडा दोन-तीन दिवसांनी बघत जा. आकडा किती आहे यापेक्षा तो हलायचा थांबला का, हे महत्त्वाचं. घट्ट बांबूवर मीटर थोडा चुकीचा आकडा दाखवतो, पण स्थिरावला की नाही ते बरोबर सांगतो.

या काळात घरात पीओपी, गिलावा, ओला रंग काहीही चालू नको. पाण्याची सगळी कामं आधी संपवा.

हंगाम म्हणाल तर पुणे, नाशिक, सातारा भागात दसऱ्यानंतर संक्रांतीपर्यंतचा काळ उत्तम. हवा मध्यम असते. मे महिन्यात बसवलं तर पट्टी अगदी आक्रसलेली असते आणि पावसात पूर्ण फुगते. ऑगस्टमध्ये बसवलं तर पुढच्या एप्रिलमध्ये फटी दिसतात. विदर्भात हा फरक आणखी मोठा. कोकणात वर्षभर दमटच, तिथे पाऊस सरल्यावर कधीही.

बसवणं

घरगुती कामासाठी मी बहुतेक वेळा तरंगती पद्धत घेते. पट्ट्या एकमेकींत क्लिकने अडकतात, जमिनीला चिकटत नाहीत. जुनी टाइल फोडावी लागत नाही, राडारोडा होत नाही. डिंकाने चिकटवण्याची पद्धतही चांगली, पाऊल टाकल्यावर आवाज कमी येतो, पण त्याला लवचीक पॉलियुरेथेनचा डिंक आणि मुरलेला हात लागतो.

खालची जमीन आधी टाइलवर नाण्याने वाजवून बघा. पोकळ आवाज आला ती टाइल काढून पुन्हा बसवा. मग गवंड्याची दहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी सगळीकडे फिरवा. पट्टीखाली ५ मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसायला नको. उंचवटा घासा, खड्डा लेव्हलिंगच्या मालाने भरा. जाड फोम टाकून खड्डा लपवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. फोम दोन-तीन मिलिमीटरचाच हवा. जास्त मऊ फोमवर पट्टी वर-खाली होते आणि वर्षभरात क्लिकची जीभ तुटते.

फोमच्या खाली २०० मायक्रॉनचं प्लास्टिक. दोन तुकडे आठ इंच एकमेकांवर चढवून सांधा चिकटपट्टीने बंद करायचा, आणि भिंतीवर दोन इंच वर घ्यायचं. स्कर्टिंग बसल्यावर वरचं कापून टाकतात.

आता ओळींचा हिशेब. तो आधी कागदावर करा. समजा खोली १० फूट रुंद, म्हणजे ३०४८ मिलिमीटर. दोन्ही भिंतींना १२-१२ मिलिमीटरची मोकळी जागा सोडली की उरले ३०२४. पट्टी १२५ मिलिमीटरची. सरळ लावत गेलात तर २४ ओळींत ३००० भरतात आणि शेवटी २४ मिलिमीटरची चिंधी उरते. ती नीट अडकत नाही आणि दिसतेही वाईट. म्हणून २३ ओळी पूर्ण घ्या, त्यांचे झाले २८७५. उरलेल्या १४९ चे दोन भाग करा, आणि पहिली व शेवटची ओळ प्रत्येकी साडेचौऱ्याहत्तर मिलिमीटरची कापा. दोन्ही भिंतींशी सारखी कड दिसते. शेवटची ओळ दोन इंचांपेक्षा कमी कधीच नको.

पट्ट्या खोलीच्या लांबीला किंवा मुख्य खिडकीच्या उजेडाच्या दिशेने लावा. एकाच वेळी तीन-चार खोकी उघडून मिसळा, म्हणजे रंगाचे ठिपके एकाच जागी गोळा होत नाहीत. शेजारच्या ओळींचे टोकांचे सांधे एक फुटापेक्षा जवळ नकोत. क्लिक बसवताना रबरी हातोडी थेट पट्टीवर मारायची नाही, मध्ये लाकडी ठोकळा धरायचा. दाराची चौकट असेल तिथे पट्टी चौकटीच्या आकारात कापत बसू नका. पट्टीचा तुकडा आडवा ठेवून त्याच्या उंचीवर चौकटीचं लाकूड करवतीने कापा आणि पट्टी आत सरकवा. तिथेही आत मोकळी जागा हवीच. पट्टी आणि फोम मिळून जमीन पंधरा-सोळा मिलिमीटरने वर येते, त्यामुळे दारं खालून तासावी लागतात. मुख्य दाराच्या उंबरठ्याचं माप काम सुरू होण्याआधी घ्या.

भिंतीलगतची १२ मिलिमीटरची जागा हा या कामाचा प्राण आहे. तीच सगळ्यात जास्त वेळा मारली जाते. सुतार निघून जातो, मग रंगारी येतो, त्याला ती फट दिसते आणि तो प्रामाणिकपणे पुट्टी किंवा व्हाइट सिमेंट भरून देतो. पहिल्या पावसात जमीन उचलते आणि दोष बांबूच्या माथी येतो. म्हणून स्कर्टिंग लगेच लावून घ्या, आणि त्याचे खिळे भिंतीत, जमिनीत नाही. दाराचा स्टॉपरही असाच घात करतो. जमिनीत स्क्रू मारून बसवला की त्या जागी तरंगती जमीन खिळली जाते आणि बाजूचे सांधे उघडतात. स्टॉपर भिंतीला किंवा दाराला लावा. भिंतीतलं अवजड कपाट आधी टाइलवर उभं करा आणि बांबू त्याच्यापर्यंत आणून थांबवा. पंचवीस फुटांपेक्षा जास्त सलग रुंदी मी घेत नाही, मध्ये फट सोडून ती झाकणारी टी-पट्टी देते. दोन खोल्यांच्या दारात तर ती हवीच.

माल मोजताना खोलीच्या क्षेत्रफळावर दहा टक्के जास्त धरा. १० बाय १२ च्या खोलीला १२० ऐवजी १३२ चौरस फूट.

रोजची निगा

आपल्या घरांतली सगळ्यात जुनी सवय म्हणजे बादलीभर पाण्यात फिनेल टाकून लादी पुसणं. बांबूला तीच मारक. घरकामाला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी शेजारी बसून दाखवा: फडकं दोन वेळा घट्ट पिळायचं, इतकं की पुसल्यावर जमीन मिनिटाभरात कोरडी दिसली पाहिजे. रोज पुसायची गरजही नसते. मऊ झाडूने रोज कचरा काढा, ओलं फडकं आठवड्यातून एक-दोनदा. वाफेचा मॉप नको.

पाण्यानंतर दुसरा शत्रू वाळूचे कण. दाराबाहेर एक आणि आत एक पायपुसणं ठेवा. दिवाळीत घरात रांगोळी काढत असाल तर ती पाटावर किंवा ताटात काढा, रांगोळीची पूड जमिनीवर पायाखाली घासली की पॉलिशवर बारीक ओरखडे येतात. देवघराखाली दगडी किंवा काचेचा तुकडा टाका, तेल, हळद-कुंकू, अभिषेकाचं पाणी सगळं त्यावर. कुंड्या बशीतसुद्धा ठेवू नका, बशीखाली ओल धरतेच. स्टँडवर ठेवा. एसीचा पाइप कुठे ठिबकतो का, हे उन्हाळ्याच्या सुरुवातीला बघून घ्या. झोपाळा असेल तर पाय टेकून झोका घेण्याची जागा ठरलेली असते, तिथे सतरंजी अंथरा. पण ती अधूनमधून हलवा, उन्हाने उघड्या बांबूचा रंग बदलतो आणि सतरंजीखालचा तसाच राहतो.

पाणी सांडलं तर ताबडतोब कोरड्या फडक्याने टिपा. रात्रभर राहिलेलं पाणी सांध्यातून फोमपर्यंत पोचलं असेल तर स्कर्टिंग काढा, त्या बाजूच्या ओळी भिंतीकडून सोडवत जा, खालचा फोम आणि प्लास्टिक सुकवा, पट्ट्या सावलीत सपाट सुकू द्या आणि मग परत बसवा. तरंगत्या जमिनीचा हा मोठा फायदा. जाड सलग पट्टी पुढे दहा-बारा वर्षांनी एकदा घासून नवं पॉलिश चढवता येते. वर पातळ थर असलेल्या पट्टीचं तसं होत नाही, म्हणून विकत घेतानाच वरच्या थराची जाडी विचारून ठेवा.

काम संपल्यावर उरलेल्या पट्ट्या सुताराला देऊन टाकू नका. निदान एक पूर्ण खोकं ठेवा. तीच रंगछटा, तीच क्लिकची जीभ पाच वर्षांनी बाजारात मिळेलच असं नाही. खोकं पोटमाळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते. पलंगाखाली, दोन लाकडी पट्ट्यांवर, आडवं ठेवा, आणि त्यावर कंपनी, मालाचा नंबर आणि बसवल्याची तारीख मार्करने लिहून टाका.